चुकलेली बेरीज, जुळलेला ताळेबंद

थंड देशांत खिडकीच्या काचेवर कथिलाच्या ऑक्साइडचा थर देतात. जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. त्यात फ्लोरीन किंवा अँटिमनी किंचित मिसळले की मोकळे इलेक्ट्रॉन वाढतात आणि काच उजेड आत घेते, पण खोलीची ऊब आतच परतवते. असे का होते, हे आजही पाउल ड्रूड या जर्मन शास्त्रज्ञाच्या सूत्रांनी सांगितले जाते. त्याने स्वतः अशी काच पाहिलीही नसेल.

१२ जुलै १८६३ रोजी ब्राउनश्वाइग येथे एका डॉक्टरच्या घरी तो जन्मला. ग्यॉटिंगेनला फोग्ट यांच्या हाताखाली शिकताना त्याने अँटिमनीच्या खनिजाचे स्फटिक तपासले. ताज्या फोडलेल्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश काही काळाने बदलतो, असे त्याला दिसले. पृष्ठावर अतिशय पातळ थर जमत होता. तो थर प्रकाशाच्या साहाय्याने मोजायची रीत त्याने बसवली. पातळ थरांच्या प्रयोगशाळांत ती आजही चालते.

१९०० साली त्याने धातूंचा सिद्धान्त मांडला. धातूत इलेक्ट्रॉन वायूच्या कणांसारखे मोकळे हिंडतात, असे त्याने मानले. प्रकाशाची आंदोलने संथ असली तर इलेक्ट्रॉन त्यांच्या तालावर डोलतात आणि किरण परतवतात. ती फार जलद झाली की त्यांना ताल धरता येत नाही, किरण आरपार जातो. धातूत इलेक्ट्रॉन दाट, म्हणून दृश्य प्रकाशही परततो. कथिलाच्या त्या थरात ते शेकडो पटींनी विरळ, म्हणून सीमा खाली सरकते: उजेड पार, उष्णता परत.

धातूंच्या उष्णता आणि वीज वाहण्याच्या क्षमतांचे गुणोत्तरही त्याने काढले. ते प्रयोगाशी छान जुळले. मात्र आकडेमोडीत दुपटीची चूक होती! पुढे १९२७-२८ च्या सुमारास झोमरफेल्डने नवे पुंजविज्ञान लावले, तेव्हा आणखी दोन चुका उघड झाल्या. एक सुमारे शंभरपट जास्त, दुसरी तितकीच कमी. त्या एकमेकींना खाऊन बसल्या होत्या. बँकेत ताळेबंद तपासण्यात माझे आयुष्य गेले. जुळलेल्या ताळेबंदाचीच धास्ती अधिक वाटावी, हे आम्ही तिथे शिकलो. ड्रूडच्या खात्यात मात्र चुका वजा केल्यावरही मुद्दल शिल्लक राहिले.

१९०० पासूनच तो 'अनालेन डेर फिजिक' या नियतकालिकाचा संपादक होता. १९०५ साली आइन्स्टाइनचे युगप्रवर्तक लेख तिथेच छापले गेले. त्याच वर्षी त्याला बर्लिनच्या भौतिकी संस्थेचे संचालकपद मिळाले. जून १९०६ च्या अखेरीस प्रशियन अकादमीत त्याचे प्रवेशाचे भाषण झाले आणि ५ जुलैला त्याने स्वतःचे जीवन संपवले. त्रेचाळिसावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. मागे पत्नी आणि चार मुले राहिली.

कामाच्या ओझ्याकडे अनेकांनी बोट दाखवले. खरे कारण त्याच्याबरोबरच गेले. ज्याने धातूच्या आतले सांगितले, त्याच्या आतले भोवतालच्यांना दिसले नाही. माणसे पारदर्शक नसतात, हेच खरे.