गणित उमगले, नाद सुटला नाही

जुगारातील नशिबालाही गणित असते, हे सविस्तर लिहून ठेवणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी एक व्यवसायाने डॉक्टर होता. त्याचे नाव जिरोलामो कार्दानो. त्याचा जन्म १५०१ मध्ये इटलीतील पाव्हियाचा. पादुआ विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळाली, पण जन्म विवाहबाह्य संबंधातून झालेला म्हणून मिलानच्या वैद्यसंस्थेने त्याला १५३९ पर्यंत दाराबाहेर ठेवले. विद्यार्थिदशेतच लागलेला जुगाराचा नाद या ओढगस्तीत वाढला. बायकोचे दागिने गेले, घरातले सामानही गेले.

या अनुभवातूनच त्याचे जुगारावरील पुस्तक तयार झाले. दोन फाशांची ३६ दाने मोजून त्याने शक्यता मांडल्या. पोकरचा पूर्वज मानल्या जाणाऱ्या प्रिमेरो या पत्त्यांच्या खेळाचाही त्याने विचार केला.

आजच्या टेक्सास होल्डेम पोकरला हेच गणित लागू पडते. सुरुवातीलाच हाती दोन एक्के येण्याची शक्यता २२१ डावांत एक. एकच प्रतिस्पर्धी शेवटपर्यंत राहिला, तर ही जोडी शंभरात सुमारे ८५ वेळा जिंकते. आठ जण राहिले, तर सुमारे ३५ वेळाच. म्हणून जाणकार खेळाडू आधीच बोली वाढवून गर्दी कमी करतो. तरीही एकासमोर १५ वेळा हार उरतेच आणि स्पर्धेत सगळ्या चिप्स गेल्या, की बाहेर.

वैद्यकात मात्र कार्दानोने नाव कमावले. १५५२ मध्ये त्याने एडिंबरोला जाऊन आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या दम्यावर उपचार केले. पिसांची गादी काढायला लावली आणि रुग्णाला आराम पडला.

घरी मात्र दुर्दैव होते. पत्नीवर विषप्रयोग केल्याबद्दल थोरल्या मुलाला १५६० मध्ये मृत्युदंड झाला. धाकटा जुगारी निघाला, त्याने बापाच्याच घरी चोरी केली. १५७६ मध्ये कार्दानो रोममध्ये वारला. जुगारावरचे पुस्तक छापले गेले १६६३ मध्ये.

शक्यतांचे ज्ञान व्यसनापासून वाचवत नाही. जागतिक आरोग्य संघटना जुगाराच्या व्यसनाला आजार मानते. हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे, घरच्यांपासून लपवणे, कर्ज काढणे ही त्याची लक्षणे. ती दिसल्यास दोष देत बसू नये, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. उपचार आहेत.