बागवान बाबर

पानिपत, खानवा, घागरा. बी. ए.च्या इतिहासात बाबर आपल्याला भेटतो तो एवढाच : तीन लढाया, तोफखाना आणि त्याच्या आत्मचरित्रावर एखादी टीप. ते आत्मचरित्र मूळ चगताई तुर्की भाषेतले. भाषांतरातून मी ते वाचू लागलो, तेव्हा लढायांच्या मधल्या पानांवर मला दुसराच एक बाबर दिसला. हा दोरी लावून जमीन आखून घेतो, पाण्याचा उतार पाहतो आणि वाकडा ओढा दिसला की अस्वस्थ होतो. त्या बाबराची ही ओळख.

त्याचा जन्म १४ फेब्रुवारी १४८३ चा, फरगाण्यातील अंदिजानचा. बापाकडून तैमूरचा आणि आईकडून चंगीझखानाचा वंश. १४९४ मध्ये बाप उमर शेख मिर्झा अख्सीच्या किल्ल्यात, कड्याच्या टोकावर बांधलेल्या कबुतरखान्यासकट दरीत कोसळून मेला, आणि अकरा वर्षांचे पोर गादीवर बसले. ज्याचा बाप असा एका बांधकामापायी गेला, त्याने पुढे जन्मभर जागा आणि उतार यांची इतकी पारख करावी, हा निव्वळ योगायोगही असेल.

समरकंद हे त्याचे स्वप्न होते. १४९७ मध्ये ते त्याने जिंकले, शंभर दिवसांत गमावले, पुन्हा घेतले आणि १५०१ मध्ये शैबानीखानाच्या हाती कायमचे सोडल्यासारखेच झाले. तैमूरने त्या शहराभोवती बागा वसवल्या होत्या. बाबराने तेथला तट पावलांनी मोजवून घेतला. तो १०,६०० पावले भरला. राज्य हातात टिकत नाही, पण मापे मात्र वहीत टिकतात !

१५०४ मध्ये काबूल मिळाले आणि बागकामाला खरी सुरुवात झाली. काबूलजवळच्या इस्तालिफ गावी एक मोठी बाग होती. आधीच्या राज्यकर्त्याने ती लोकांकडून बळजबरीने घेतलेली. बाबराने मालकांना तिची किंमत दिली. बागेतून वाहणारा ओढा नागमोडी होता. तो त्याने सरळ, रेखीव करवून घेतला. जवळच एका झऱ्याला दहा गज लांब, दहा गज रुंद असा दगडी चौकोन बांधविला. १५०८-०९ च्या सुमारास अदीनापूरसमोर त्याने ‘बाग-ए-वफा’ घातली. तीत संत्री, डाळिंबे होती. केळीही त्याने आणून लावल्या.

या बागेची आखणी चारबागेची. दोन सरळ रेषा एकमेकींना काटकोनात छेदतात, त्यांवरून पाट वाहतात, छेदाच्या जागी हौद येतो आणि भोवती चार चौरस उरतात. प्रत्येक चौरसाचे पुन्हा चार करता येतात. पायवाट वाफ्यांपेक्षा उंच ठेवायची, म्हणजे चालणाऱ्याला फुले खाली अंथरल्यासारखी दिसतात आणि पाटाचे पाणी आपोआप वाफ्यांत उतरते. भूमितीचे हे पुस्तकी ज्ञान नव्हे. बिरसीला आमच्या घरामागच्या परसात मी सुतळी, चार खुंट्या आणि चुना घेऊन हे आखून पाहिले आहे. तीन, चार आणि पाच हातांचा त्रिकोण केला की काटकोन मिळतो. दोन्ही कर्ण सारखे भरले की चौरस खरा. पुढचे सारे पाण्यावर. पाणी आखणीतली लबाडी लगेच उघडी पाडते.

२१ एप्रिल १५२६ रोजी इब्राहिम लोदीचा पराभव झाला आणि बाबर आग्र्याला आला. ऊन, धूळ, गरम वारा. बागा घालायला वाहते पाणी नाही, ही त्याची मोठी तक्रार. मोटेचे वर्णन त्याने बारकाईने केले आहे : बैल दोर ओढतो, तोच दोर शेणामुतातून फरफटत पुन्हा विहिरीत जातो, म्हणून त्याला ती पद्धत गलिच्छ वाटली. आपल्या आजोबांच्या पिढीला हे वाचून हसू आले असते. यमुनेकाठी जागा शोधली, तर ती इतकी ओसाड की पाहून त्याला किळस आली. पण दुसरी जवळ नव्हती. आधी मोठी विहीर, मग अष्टकोनी हौद, मग खाजगी घर आणि त्याची बाग. कोपऱ्याकोपऱ्यांत गुलाब आणि नर्गिसाचे रेखीव वाफे. त्याच्या सरदारांनीही त्याचे पाहून नदीकाठी बागा घातल्या, आणि लोक त्या भागाला काबूल म्हणू लागले. आग्र्याच्या त्याच्या बांधकामांवर रोज ६८० पाथरवट राबत, असा आकडा त्यानेच दिला आहे. धोलपूरला खडकात कोरलेल्या कमळबागेचे अवशेष एलिझाबेथ मॉयनिहान या अमेरिकन अभ्यासिकेला १९७८ मध्ये सापडले.

येथे मला बाबराशी भांडावेसे वाटते. त्याला हिंदुस्थान बेशिस्त दिसला. पण गोंदिया-भंडाऱ्याच्या कोहळी मंडळींनी बांधलेले तलाव पाहावेत. नवेगाव बांधाची पाळ दोरीने आखलेली नाही. डोंगरांच्या मधल्या खिंडी पाहून, जमिनीचा कल ओळखून ती घातली आहे. शिस्त तीही आहे, फक्त ती काटकोनातली नाही. ज्याला ओढा सरळ करण्याचीच सवय, त्याला ती दिसणे अवघड. आणि हेही विसरून चालणार नाही की हाच माणूस लढाईनंतर शत्रूच्या मुंडक्यांचे मनोरे रचीत असे. नर्गिसाचे वाफे आणि मुंडक्यांचे मनोरे एकाच हाताने, एकाच वहीत लिहिलेले आहेत. एकामुळे दुसरे पुसून टाकणारे चरित्रकार मला पटत नाहीत.

त्याची आखणी मात्र त्याच्यापेक्षा दूरवर पोचली. छत्रपती संभाजीनगरचा बिबी का मकबरा औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने सतराव्या शतकात आईसाठी उभारला. त्याच्या पुढचे पाट आणि चौकोन काबूलचेच वारस. सहलीला गेलेले आपण कबर पाहून परततो. बाग पायाखाली असते, म्हणून ती पाहायची राहून जाते.

शेवटच्या वर्षांत काबूलचे खरबूज कापताना बाबराच्या डोळ्यांत पाणी आले. बल्खच्या एका माळ्याकडून त्याने आग्र्यातही खरबुजे पिकवून घेतली. पण घर घर असते. ज्याच्या आयुष्यात एक मुक्काम टिकला नाही, त्याने जाईल तेथे चार चौरस आखून स्वतःसाठी अंगण निर्माण केले, असे मला वाटते.

२६ डिसेंबर १५३० रोजी तो आग्र्यात वारला. प्रथम त्याला यमुनेकाठच्या बागेत पुरले, काही वर्षांनी काबूलला नेले. तेथे डोंगरउतारावर टप्प्याटप्प्याने उतरणाऱ्या बागेत त्याची उघडी कबर आहे. खाली शाहजहानने संगमरवरी मशीद बांधली. १९९० नंतरच्या यादवीत बागेतली झाडे गेली, पाट कोरडे पडले. २००२ नंतर आगाखान न्यासाने ती पुन्हा उभी केली, मधला पाट वाहू लागला, आणि काबूलची कुटुंबे सुट्टीच्या दिवशी शिदोऱ्या घेऊन तेथे येऊ लागली.