तीनशे खुब्यांचा हिशेब

ओळखीतल्या कुणाच्या तरी आजोबांचं हिप रिप्लेसमेंट झालंय, हे तुम्ही ऐकलं असेलच. वॉकर धरून चार पावलं, मग काठी आणि काही महिन्यांत आजोबा पुन्हा कट्ट्यावर! पण शरीरात बसवलेला धातू-प्लॅस्टिकचा सांधा वर्षानुवर्षं टिकतो कसा? याचं बरंचसं श्रेय जातं सर जॉन चार्नली यांना.

चार्नली १९११मध्ये इंग्लंडमधल्या बरी या गावात जन्मले. वडिलांचं औषधांचं दुकान, आई नर्स. मँचेस्टरमध्ये शिकून १९३५मध्ये ते डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून इजिप्तला गेले आणि तिथल्या वर्कशॉपमध्ये जखमींसाठी स्प्लिंट बनवण्यात रमले. हाडांचा हा डॉक्टर मनाने पक्का इंजिनीअर होता.

युद्धानंतर त्यांच्याकडे एक पेशंट आला. त्याच्या खुब्यात अ‍ॅक्रिलिकचा गोळा बसवलेला होता. तो हलला की सांधा चक्क कुरकुरायचा आणि त्या आवाजाने बायको वैतागायची. आपण हसून सोडून दिलं असतं. चार्नलींच्या डोक्यात मात्र किडा वळवळला. कुरकुर म्हणजे घर्षण आणि घर्षण म्हणजे सांधा सैल होणार! मग त्यांनी ठरवलं, घर्षण कमीत कमी ठेवायचं. मांडीच्या हाडावर जेमतेम २२ मिलिमीटरचा स्टीलचा गोळा, कमरेच्या बाजूला गुळगुळीत प्लॅस्टिकची वाटी आणि दोन्ही पक्कं बसवायला दाताचे डॉक्टर वापरतात त्या जातीचं अ‍ॅक्रिलिक सिमेंट.

वाटीसाठी त्यांनी टेफ्लॉन निवडलं. हो, तेच, नॉनस्टिक तव्यावरचं. १९५८च्या सुमारास ऑपरेशनं सुरू झाली आणि वर्षानुवर्षं खिळलेली माणसं चालायला लागली. सगळीकडे वाहवा! पण दोन-तीन वर्षांतच वाट्या झिजू लागल्या. झिजलेल्या कणांमुळे आजूबाजूला सूज आली, हाड खराब व्हायला लागलं, सांधे सैल झाले. अशी ऑपरेशनं झालेले पेशंट होते सुमारे ३००.

आता इथे थांबा आणि विचार करा. नाव झालंय, लोक देव मानतायत. अशा वेळी गप्प बसणं किती सोपं! चार्नलींनी पेशंटना परत बोलावलं आणि फसलेले सांधे एकेक करून बदलायला घेतले. दोष टेफ्लॉनच्या कणांचाच आहे का, हे तपासायला त्यांनी ती पूड स्वतःच्या मांडीत घालून घेतली. काही महिन्यांनी तिथे गाठी आल्या. शेजारीच घातलेल्या दुसऱ्या प्लॅस्टिकने मात्र काही त्रास दिला नाही.

ते दुसरं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिएथिलीन. लँकेशायरमधल्या कापडगिरण्यांच्या मागांना त्याची चाकं बसवत. एका विक्रेत्याने ते आणलं तेव्हा चार्नलींनी नखाने ओरखडा काढून बाजूला सारलं होतं. पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी साहेब परदेशात असताना तुकडा झीज मोजायच्या मशीनवर चढवला. तो टेफ्लॉनच्या तुलनेत झिजलाच नाही म्हणा ना! परत आल्यावर साहेबांनी आकडे बघितले आणि मत बदललं. नोव्हेंबर १९६२पासून पॉलिएथिलीनची वाटी वापरात आली.

या वेळी त्यांनी घाई केली नाही. आपल्याकडे शिकून गेलेल्या सर्जननाच हा सांधा मिळेल, असा आग्रह धरला. पेशंटना वर्षानुवर्षं तपासणीला बोलावलं. मृत्यूनंतर सांधा तपासायला द्यावा, अशी विनंती केली आणि अनेकांनी ती मानली. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी राइटिंग्टनच्या हॉस्पिटलात गाळलेल्या हवेचं बंदिस्त ऑपरेशन थिएटर उभारलं. आधी शंभरात सात-आठ जणांना होणारा संसर्ग शेवटी एकाच्याही खाली आला. १९७७मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि १९८२मध्ये ते गेले.

आज गोळा धातूचा किंवा सिरॅमिकचा, वाटी जास्त टणक पॉलिएथिलीनची किंवा सिरॅमिकची असते. काही सांधे सिमेंटने बसतात, काहींवर हाडच वाढून पक्कं होतं. धोके मात्र जुनेच: संसर्ग, सांधा निखळणं, झीज, सैल होणं. आणि घाईचा धोकाही तोच! धातूवर धातू घासणारा एएसआर हा सांधा कंपनीला २०१०मध्ये जगभरातून परत मागवावा लागला. कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात उतरत होते, आजूबाजूचे स्नायू खराब होत होते. भारतातही हजारो ऑपरेशनांत तो बसवला गेला होता. म्हणजे टेफ्लॉनचा धडा पन्नास वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला.

म्हणून घरी कुणाचं हे ऑपरेशन ठरलं, तर तुम्ही पुढे व्हा. नवा सांधा कोणता, असं विचारण्याआधी तो किती वर्षं, किती पेशंटमध्ये टिकलाय ते विचारा. इम्प्लान्टचं नाव आणि नंबर असलेलं स्टिकर फाइलमध्ये जपून ठेवा. आणि पाय अजिबात दुखत नसला, तरी आजोबांना डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणीला घेऊन जा.