पंधरा हजारांचा डॅक घ्यावा का? मिरजेच्या खाँसाहेबांची गोष्ट वाचून ठरवा

राजगुरुनगरहून सकाळच्या शिफ्टला चाकणकडे निघालेली कंपनीची बस बघा. जवळपास प्रत्येकाच्या कानात इअरफोन. नव्या फोनला गोल पिनची जागाच नसते, म्हणून कुणी हजार रुपयांच्या आसपासचा डोंगल लावलाय, कुणी पगारातून बाजूला काढून दहा-पंधरा हजारांचा पोर्टेबल डॅक-अँप्लिफायर घ्यायच्या विचारात आहे. आवाज खुलतो म्हणे. खरंच खुलतो का?

याचं उत्तर शोधायला एका अशा माणसाकडे जाऊ, ज्याचं सगळं आयुष्य आवाजातला बारीक फरक ओळखण्यात गेलं. उस्ताद अब्दुल करीम खाँ.

जन्म ११ नोव्हेंबर १८७२, उत्तर प्रदेशातलं कैराना. याच गावावरून किराना घराणं. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायक होते. तिथल्या सरदार माने घराण्यातल्या ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकत. दोघांचं जमलं आणि दोघांनी बडोदा सोडलं. पुढे मुंबई, मिरज, बेळगाव, पुणे असा संसार फिरला.

मिरजेशी नातं जुळलं ते प्लेगमुळे. आजारी खाँसाहेब मीरासाहेबांच्या दर्ग्यात आले आणि बरे झाले, असं मिरजेत आजही सांगतात. गाव तंतुवाद्यांचं. एकेकाळी हत्यारं घडवणारे इथले कारागीर सतार-तानपुरे बनवायला लागले होते. खाँसाहेबांना वाद्यदुरुस्तीचा भारी नाद. तानपुऱ्याची जवारी मनासारखी लागेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. जवारी म्हणजे तार घोडीवर जिथे टेकते ती जागा. तिथे दोरा केसभर सरकवला तरी तानपुऱ्याचा आवाज बदलतो. (टिपू नावाच्या कुत्र्याला त्यांनी सुरात सूर मिळवायला शिकवलं होतं, तो किस्सा पुन्हा कधीतरी.)

याच काळात सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल एका प्रश्नाने पछाडले होते. जुने ग्रंथ सप्तकात बावीस श्रुती सांगतात, पण त्या मोजता येतील का? देवलांनी तारेची लांबी मोजून हिशेब मांडला, आणि गळ्यातून स्वर काढून दाखवायला त्यांच्यासोबत होते अब्दुल करीम खाँ. या हिशेबातलं सगळ्यात लहान अंतर म्हणजे हार्मोनियमच्या दोन शेजारच्या स्वरांमधल्या अंतराचा साधारण पाचवा हिस्सा! १९१० साली देवलांचं पुस्तक आलं. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने तर श्रुती वाजवणारी खास हार्मोनियम लंडनहून बनवून घेतली.

१९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे ही पेटी मांडली गेली. पण भातखंडे आणि इतर जाणकारांना ती पटली नाही. एवढा खर्च, एवढी कारागिरी, आणि पेटी मागे पडली. तंबोऱ्यावर गाणाऱ्याला ती नकोच होती, कारण जे काम तिने करायचं ते गळा आधीच करत होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, डॅकच्या वेळी उपयोगी पडेल.

घरात मात्र सूर बिघडला. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. ही मुलं म्हणजे पुढचे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे. वडिलांचं नाव कुणीच लावलं नाही. खाँसाहेब मिरजेतच राहिले.

आता रेकॉर्डकडे या. त्यांच्या पहिल्या रेकॉर्ड विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकातल्या. तेव्हा माईक नव्हता. भोंग्यात तोंड घालून गायचं, त्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. १९२५ नंतर विजेवरचं रेकॉर्डिंग आलं. १९३० च्या दशकात ओडियन कंपनीसाठी त्यांनी गायलेली झिंझोटीतली ‘पिया बिन नहीं आवत चैन’ आणि भैरवीतली ‘जमुना के तीर’ अजून ऐकली जाते. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, वर सुईची खरखर. माणसाचा कान वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, या तबकड्यांवर मात्र पाच-सहा हजारांच्या पुढे फारसं काही मिळत नाही.

आता तुमचा पंधरा हजारांचा डॅक याला लावा. काय होईल? खरखर अगदी स्वच्छ ऐकू येईल.

डॅकचं काम एवढंच की फोनमधल्या आकड्यांची विजेची लहर करायची. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, त्यातून कानाला ऐकू येणारी सगळी पट्टी निघते. हे काम चांगला स्वस्त डोंगलही व्यवस्थित करतो. रेकॉर्डिंगमध्ये जे नाही, ते कोणताच डॅक आणू शकत नाही. ब्लूटूथ वापरत असाल तर विषयच संपला, कारण डॅक आणि अँप्लिफायर दोन्ही त्या हेडफोनच्या आतच असतात.

अँप्लिफायरचं मात्र वेगळं आहे. ३०० ओहमचे मोठे हेडफोन असतील तर साध्या डोंगलला तेवढा व्होल्टेज पुरत नाही, आवाज दबका येतो. तिथे पैसे घालण्यात अर्थ आहे. फोनमधून सतत खरखर येत असेल, तरीही आहे. पण १६-३२ ओहमचे नेहमीचे इअरफोन फोनवरच कान बधिर होतील इतके वाजतात. आणि बसच्या इंजिनाच्या घरघरीत उरलासुरला फरकही बुडतो. तेवढ्या पैशात चांगले इअरफोन घेतले तर फरक खरंच कळेल.

घ्यायचंच असेल तर दुकानात दोन्ही लावून, डोळे मिटून, मित्राला अदलाबदल करायला सांगून ऐका. आवाजाची पातळी मात्र सारखी ठेवा. जे जरा मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं, आणि विकणाऱ्याला हे ठाऊक असतं.

गदगच्या एका शाळकरी पोराने हीच झिंझोटीची रेकॉर्ड कुठल्याशा साध्या ग्रामोफोनवर ऐकली होती. असं गाणं आपल्याला यायलाच हवं म्हणून तो घर सोडून पळाला, आणि भटकत भटकत शेवटी खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे पोचला. त्या पोराचं नाव भीमसेन जोशी.

खाँसाहेब १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासकडे होते. तिथून पाँडिचेरीला जाताना रेल्वेत छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळकोविल या लहानशा स्टेशनावर ते उतरले. प्लॅटफॉर्मवर अंथरूण घातलं, तानपुरा जुळवून घेतला आणि प्रार्थना गायला सुरुवात केली. तिथेच २७ ऑक्टोबरला ते गेले. दफन मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात झालं. दरवर्षी उरुसाला तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची बैठक बसते.