दुधातली साखर आणि झाक मोनो

उज्जैनला आमच्या घरी विरजण लावण्याचे काम आजीचे. दूध पुरेसे कोमट झाले की नाही, हे ती करंगळी बुडवून ठरवी आणि थंडीच्या दिवसांत पातेले पिठाच्या डब्यात दडवून ठेवी. शेजारच्या माळवी बायका विरजणाला जामन म्हणत. येथे आल्यावर कन्नड मैत्रिणींकडून त्याला हेप्पु म्हणतात असे कळले. नाव कोणतेही असो, काम तेच. त्यातले जंतू दुधातल्या साखरेवर जगतात, तिचे आम्ल करतात आणि सकाळी दही लागलेले असते. हे जंतू ती साखर कशी फोडतात, हा प्रश्न मला लहानपणी कधी पडला नाही. तो पडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, आणि तोही माझ्या हातून झालेल्या एका गैरप्रकारामुळे.

प्रयोग साधा होता. जंतूंची वाढ मोजायची आणि दर पंधरा मिनिटांनी द्रावण किती गढूळ झाले याची नोंद करायची. एका चंबूत ग्लुकोज घालायचे, दुसऱ्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. मी गडबडीत एकाच चंबूत दोन्ही साखरा घातल्या. वाढ छान सुरू झाली. मग मध्येच तीन नोंदी जवळजवळ सारख्या आल्या आणि त्यानंतर पुन्हा वाढ सुरू झाली. आलेखाची रेघ चढली, आडवी झाली, पुन्हा चढली. मला वाटले, यंत्र बिघडले किंवा माझे डोळे. जर्नलमध्ये मी त्या तीन नोंदी थोड्या थोड्या वाढवून लिहिल्या आणि एकसंध, देखणी रेघ काढली. शेरा चांगला मिळाला.

पुढे एम.एस्सी.साठी वाचताना झाक मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाची गाठ पडली. मी जी रेघ खोडली, तीच याला 1940 च्या सुमारास पॅरिसमध्ये दिसली होती. फरक एवढाच की त्याने ती खोडली नाही. म्हणून हा लेख.

मोनोचा जन्म 9 फेब्रुवारी 1910 रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील चित्रकार, आई अमेरिकन. बालपण दक्षिणेला कान या समुद्रकाठच्या गावी गेले. लहानपणी पोलिओ झाल्याने एक पाय कायमचा अधू राहिला. तरी गडी डोंगर चढायचा आणि शिडाच्या होड्या हाकायचा. त्याहून मोठे वेड संगीताचे. तो चेलो वाजवी आणि एक गायकवृंदही चालवी. पुष्कळ वर्षे याचे शास्त्रज्ञ होणार की संगीतकार, हे त्याचे त्यालाच उमगत नव्हते. 1934 मध्ये तो एका संशोधन-जहाजावरून ग्रीनलंडला जाऊन आला. दोन वर्षांनी तेच जहाज पुन्हा निघाले, तेव्हा तो त्याऐवजी अनुवंशशास्त्र शिकायला अमेरिकेला गेला. ते जहाज आइसलंडजवळ फुटले आणि जवळजवळ सर्वच बुडाले. पुढे हाच मनुष्य सृष्टीतल्या योगायोगावर पुस्तक लिहितो, याचे मग फारसे नवल वाटत नाही.

1938 मध्ये त्याने ओदेत ब्रूल हिच्याशी लग्न केले. ती पॅरिसच्या गीमे संग्रहालयात तिबेट-नेपाळकडच्या कलेची अभ्यासक होती. आपल्या बाजूचे एवढे एक माणूस त्या घरात होते, याचा मला उगाचच आनंद वाटतो. पुढच्या वर्षी जुळे मुलगे झाले आणि त्याच वर्षी युद्ध सुरू झाले.

जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलेले असताना मोनो सॉरबॉनच्या प्रयोगशाळेत जंतूंना दोन दोन साखरा एकत्र खाऊ घालीत होता. त्याला दिसले की जंतू दोन्ही एकदम खात नाहीत. ग्लुकोज आधी संपवतात, मग थोडा वेळ थांबतात आणि नंतर दुसरीकडे वळतात. पंगतीत आधी श्रीखंड संपवून मग वरणभाताकडे वळणाऱ्या पाहुण्यासारखेच! पण मध्ये थांबायचे कशासाठी? तो हा आलेख घेऊन आंद्रे ल्वोफ या ज्येष्ठ संशोधकाकडे गेला. दुसरी साखर फोडणारे एन्झाइम जंतूजवळ आधी तयार नसते, गरज पडल्यावर ते बनवतो, आणि तो थांबा त्या तयारीचा असावा, हे ल्वोफने सुचवले. 1941 मध्ये या कामावर मोनोला डॉक्टरेट मिळाली. सॉरबॉनला त्यात फारसा रस वाटला नाही.

याच सुमारास तो जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीत शिरला. ओदेत ज्यू घराण्यातली, त्यामुळे तिला आणि मुलांना पॅरिसबाहेर लपून राहावे लागले. मोनोच्या खोलीबाहेर जिराफाचा सांगाडा उभा होता. त्याच्या पायाच्या पोकळ हाडांत तो गुप्त कागद दडवून ठेवी. साथीदार पकडले जाऊ लागले तेव्हा त्याने सॉरबॉनला जाणे बंद केले. पण प्रयोग सोडले नाहीत, ते पाश्चर संस्थेत ल्वोफच्या माळ्यावरच्या प्रयोगशाळेत चालू ठेवले. 1944 मध्ये पॅरिस मुक्त झाले तेव्हा तो लढणाऱ्या दलांच्या मुख्यालयात मोठ्या जबाबदारीवर होता. सकाळी पुलावरचे सुरुंग आणि संध्याकाळी जंतूंची वाढ, हे एकाच डोक्यात कसे मावत असेल, मला कळत नाही.

चळवळीत असताना तो कम्युनिस्ट पक्षात गेला होता. युद्ध संपल्यावर बाहेर पडला. 1948 मध्ये रशियात लिसेंकोच्या मताला सरकारी शिक्का बसला आणि अनुवंशशास्त्र गुन्हा ठरले. पॅरिसमधले पुष्कळ विद्वान तेव्हा गप्प राहिले. मोनोने वर्तमानपत्रात उघड लेख लिहून त्या मताचा समाचार घेतला आणि जुने मित्र गमावले.

आता मुख्य गोष्ट. आपल्या आतड्यात राहणाऱ्या एका जंतूजवळ दुधातली साखर फोडणाऱ्या एन्झाइमचे जनुक असते. साखर नसताना ते निजलेले, साखर आली की जागे. मोनोला बरीच वर्षे वाटत होते की साखरच येऊन जनुकाला कामाला लावते. 1957 च्या सुमारास त्याने, फ्रांस्वा झाकोबने आणि अमेरिकेहून आलेल्या आर्थर पार्डीने एक प्रयोग मांडला. जंतूंमध्ये एक जण दुसऱ्याला आपली जनुके देऊ शकतो. त्यांनी हे जनुक, ते नसलेल्या आणि साखरेशिवाय वाढणाऱ्या जंतूंमध्ये जाऊ दिले. मोनोच्या समजुतीप्रमाणे साखर नाही म्हणजे एन्झाइम नाही, असे व्हायला हवे होते. घडले उलटे. जनुक आत शिरताच एन्झाइम बनू लागले, आणि काही वेळाने आपोआप थांबले.

याचा अर्थ असा की जनुक मुळात जागेच असते. त्याच्या दारावर आतून अडसर पडतो. हा अडसर, म्हणजे रिप्रेसर नावाचा पदार्थ, दुसरेच एक जनुक तयार करते. नव्या जंतूत तो तयार व्हायला वेळ लागला, तेवढा वेळ दार उघडे राहिले. साखर येते ती दार ढकलायला नव्हे, अडसर काढायला. इतकी वर्षे जपलेली समजूत मोनोने सोडून दिली. 1961 मध्ये त्याने आणि झाकोबने हा सारा विचार एकत्र मांडला. जवळजवळची जनुके एकाच दाराआड असतात, त्या गटाला त्यांनी ओपेरॉन नाव दिले. 1965 चे नोबेल पारितोषिक झाकोब, ल्वोफ आणि मोनो या तिघांना मिळाले. अडसराचा पदार्थ पुढल्याच वर्षी अमेरिकेत गिल्बर्ट आणि म्युलर-हिल यांनी प्रत्यक्ष वेगळा केला.

पण ग्लुकोज असताना दुधातली साखर बाजूला का पडते, या सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर अडसराने पुरते मिळाले नाही. त्यासाठी आणखी एक निराळी कळ निघाली. तो शोध प्रामुख्याने इतरांचा. पण 1968 मध्ये मोनोनेही त्यावर काम केले, तेही आग्नेस उलमान हिच्याबरोबर. या बाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला मोनोने 1960 मध्ये हंगेरीतून बाहेर काढवले होते. गाडीमागच्या फिरत्या घरात लपून त्यांनी सरहद्द ओलांडली. युद्धातली विद्या अशी शांततेतही कामी आली.

उज्जैनच्या रामघाटावर क्षिप्रेच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि पर्वणीच्या गर्दीत हमखास कोणीतरी घसरते. त्या हिरव्या थराकडे आता मी निराळ्या नजरेने पाहते. नीलहरित शैवालांच्या काही जाती हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. भातशेतीत त्यांचा खतासारखा उपयोग होतो. पण पाण्यात अमोनिया आयता मिळत असेल तर त्या हे कष्ट घेत नाहीत. ती जनुके मिटून घेतात आणि टंचाई आली की उघडतात. येथली कळ मोनोच्या अडसराहून वेगळी आहे. दार केव्हा उघडायचे, हा प्रश्न मात्र त्यानेच विचारायला शिकवला.

1971 पासून मोनो पाश्चर संस्थेचा संचालक होता. संस्था पैशाच्या अडचणीत होती. प्रयोग सुटले आणि हिशेबाच्या वह्या हाती आल्या. 31 मे 1976 रोजी कान येथेच, रक्ताच्या आजाराने तो वारला.

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा माळ्यावरून माझे जुने जर्नल काढले. आलेख तसाच आहे. खोडलेल्या तीन नोंदी पेन्सिलीने लिहिल्या होत्या, त्यामुळे कागद उजेडात तिरपा धरला की अजून वाचता येतात. तिथेच बसून, खाली तारीख घालून, मी त्या शाईने पुन्हा लिहिल्या.