कणीएवढ्या भुंगेऱ्यांचा पारखी : डॉ. डेव्हिड शार्प

पावसाळ्याच्या रात्री दिव्याभोवती जे नाना तऱ्हेचे किडे जमतात, त्यांत एखादा लांबट, सडपातळ, नारिंगी व काळ्या रंगाचा किडा आढळतो. अंगावर चिरडला गेल्यास कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. पुष्कळांस तो मुंगीचाच प्रकार वाटतो; परंतु तो आहे भुंगेरा. त्याचे कठीण पुढचे पंख इतके आखूड असतात की पोटाचा बराच भाग उघडाच राहतो. अशा आखूड पंखांच्या भुंगेऱ्यांच्या कुळास शास्त्रात स्टॅफिलिनिडी म्हणतात. त्यात ६०,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या असून कित्येक इतक्या सारख्या दिसतात की भिंगाखाली धरूनही एकीस दुसरीपासून निवडणे कठीण. या निवडीस ज्यांनी आपले आयुष्य वाहिले, अशा एका इंग्रज शास्त्रज्ञाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

डेव्हिड शार्प यांचा जन्म १८४० साली इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यात झाला. लंडन व एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८६६ साली त्यांनी पदवी मिळविली. पुढे स्कॉटलंडमधील थॉर्नहिल येथे एका श्रीमंत रुग्णाची देखभाल करण्याचे काम त्यांनी पत्करले. त्या कामातून मिळणारी सवड त्यांनी कीटकांस दिली. वैद्याचा हात आणि कीटकशास्त्रज्ञाची नजर यांचा संगम त्यांच्या ठायी झाला होता.

त्या काळी होमॅलोटा नावाखाली ब्रिटनमधील अनेक बारीक भुंगेऱ्यांचा गोंधळ माजला होता. तांदळाच्या कणीएवढा आकार, काळपट रंग आणि सर्वांची ठेवण एकच! शार्प यांनी १८६९ साली या गटाची सुमारे १८० पानांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. १८७६ साली ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील आखूड पंखांच्या भुंगेऱ्यांवर, आणि १८८२ साली पाण्यात राहणाऱ्या शिकारी भुंगेऱ्यांवर त्यांचे ग्रंथतुल्य लेखन बाहेर पडले. यांपैकी दुसऱ्याची पृष्ठसंख्या ८०० हून अधिक आहे. १८९० साली केंब्रिज विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र-संग्रहालयात कीटकविभाग त्यांच्या हाती आला, आणि १८९१ साली रॉयल सोसायटीने त्यांस सदस्यत्व दिले. हवाई बेटांच्या प्राणिजीवनावरील मोठ्या ग्रंथमालेचे संपादनही त्यांनीच केले.

१९०९ साली ते निवृत्त झाले. इतर माणसे या वयात विसावा शोधतात. शार्प यांनी मात्र आपले अत्यंत महत्त्वाचे काम याच वेळी हाती घेतले. फ्रेडरिक म्यूर या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी भुंगेऱ्यांच्या नराच्या पोटात दडलेल्या प्रजननाच्या कठीण नलिकेचा तौलनिक अभ्यास केला. तो १९१२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा शार्प सत्तरी ओलांडून गेले होते.

ही नलिकाच का तपासावी? एकाच जातीचे भुंगेरे खाण्यापिण्याच्या कमतरतेने लहानमोठे होतात, त्यांचा रंग फिका वा गडद होतो. या नलिकेची घडण मात्र एका जातीत बहुधा एकच राहते, आणि शेजारच्या जातीत तिचे टोक, वाक वा कड निराळी असते. वाळलेला भुंगेरा कोमट पाण्यात मऊ करावा, बारीक सुईने पोटाचे टोक उकलून नलिका अलगद काढावी, स्वच्छ करावी आणि सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळावी. हात थोडा जरी कापला तरी नमुना वाया जातो. मादीच्या बाबतीत तिच्या पोटातील, नराचे बीज साठविणारी सूक्ष्म पिशवी पुष्कळदा अशीच उपयोगी पडते.

एवढ्या बारकाव्याने काय साधते, असे कोणी विचारील. म्यूर हे हवाईतील ऊस-बागायतदारांच्या संघाचे कीटकतज्ज्ञ होते. उसाचे खोड पोखरणाऱ्या सोंडकिड्यावर उपाय म्हणून त्यांनी त्या किड्याच्या अळीवर जगणारी एक माशी न्यू गिनीतून १९१० साली हवाईत नेली. अशा कामी कीटकाची नेमकी जात ओळखली नाही, तर एका किडीचा शत्रू दुसरीवर सोडला जाईल आणि पीक आहे तसेच बुडेल. नाव चुकले की त्यावर उभारलेले सारे ज्ञान ढासळते.

१९२२ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, न्यू फॉरेस्टमधील ब्रॉकनहर्स्ट येथे शार्प यांनी देह ठेवला. पुढे १९३० ते १९३९ या काळात माल्कम कॅमेरॉन यांनी हिंदुस्थानातील याच कुळाची वर्णने अनेक खंडांत सिद्ध केली. आज आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीची जोड मिळाली आहे. तरीही सुई, भिंग आणि ती इवलीशी नलिका अभ्यासकाच्या टेबलावरून हललेली नाहीत.

विद्यार्थिमित्रहो, दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून त्या एकच आहेत असा निकाल देण्याची घाई आपण नेहमीच करतो. तो निकाल लांबणीवर टाकून पुन्हा एकदा पाहण्याचे धैर्य शार्प यांच्या अंगी सत्तरीनंतरही होते. तेच त्यांच्या चरित्रातून आम्हांस घ्यावेसे वाटते.