चित्रपटमहर्षी कै. दादासाहेब फाळके

त्र्यंबकेश्वरच्या शास्त्री घराण्यात ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर कधी दिसतील, या ध्यासाने त्यांना ग्रासले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली विलायतेस गेले. परतल्यावर कच्च्या फिल्मला भोके पाडण्याचे काम पत्नी सरस्वतीबाई रात्री जागून करीत. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नामक तरुणास लुगडे नेसविले. (दशावतारी काला पाहणाऱ्या आम्हांस यात नवल ते काय!)

३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात लागला. त्या काळी मुंबईकरांस निव्वळ हलती चित्रे पुरत नसत. म्हणून त्याच खेळात मिस डेलमारचे नृत्य, विनोदी प्रवेश आणि पायांवर वस्तू झेलणाऱ्या अलेक्झांडरची कसरतही होती. सत्यवचनी राजाला असे कसरतपटूंच्या पंक्तीस बसावे लागले! परंतु चारच वर्षांनी, ‘लंकादहन’मध्ये प्रभू रामचंद्र पडद्यावर येताच, प्रेक्षक हात जोडू लागले.

बोलपटांच्या युगात दादासाहेब मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते निवर्तले.